ईव्हीडी: चेंबरची उंची, मॉनिटरचा आकडा आणि अचानक थांबलेला ड्रेन

निशिगंध_एन

सर्जिकल आयसीयूतून न्यूरो आयसीयूत बदली झाली आहे, त्यामुळे ईव्हीडीचे (मेंदूच्या पोकळीतलं पाणी, म्हणजे सीएसएफ, नळीने बाहेरच्या चेंबरमध्ये काढणारा ड्रेन) पेशंट आता रोज हाताखाली असतात. बहुतेक एसएएचचे (मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव), अधूनमधून सेरेबेलममधल्या (लहान मेंदूतल्या) रक्तस्रावाचे. युनिटच्या प्रोटोकॉलमध्ये काय करायचं ते लिहिलंय, का करायचं ते नाही. नेमक्या चार गोष्टी विचारते.

१. ऑर्डर असते ‘ईव्हीडी १० वर’. पॅनेलवर पट्ट्या दोन आहेत, एक सेमी पाण्याची आणि एक मिमी पाऱ्याची. चेंबर कुठल्या १० वर लावायचा?

२. ड्रेन उघडा असतो तेव्हा मॉनिटरवर आयसीपी (डोक्यातला दाब) ७-८ दिसतो. स्टॉपकॉक (नळीवरची तोटी) फिरवून ड्रेन बंद केला की १६-१७. चार्टवर कुठला लिहू?

३. सीटीहून परत आलं की कधी कधी ड्रेन पडेनासा होतो. ट्यूब कुठे दबलेली नसते, क्लॅम्पही उघडे असतात. मग अडतं कुठे?

४. सक्शन करताना आणि कूस बदलताना क्लॅम्प करायचा की नाही? प्रत्येक सिस्टर वेगळं सांगते.

मोनरो

निशिगंधताई, पहिल्या दोन प्रश्नांना जरा सविस्तर उत्तर देतो. ईव्हीडीतल्या बऱ्याच चुका उंचीच्या असतात.

‘१० वर’ ही ऑर्डर अपुरी आहे. ती घेऊच नका, डॉक्टरांकडून एकक लिहून घ्या. १ मिमी पारा म्हणजे साधारण १.३६ सेमी पाणी. सेमी पाण्याच्या पट्टीवर १० ला लावलेला चेंबर पाऱ्याच्या हिशोबात ७.४ वर असतो. पाऱ्याच्या पट्टीवर १० ला लावलात तर तो १३.६ सेमी उंचीवर गेला. नुकताच एसएएच झालेल्या पेशंटमध्ये हा साडेतीन सेमीचा फरक किरकोळ नाही. बऱ्याच ठिकाणी ड्रेनची उंची सेमी पाण्यात सांगतात आणि मॉनिटर मिमी पाऱ्यात दाखवतो, गोंधळाचं मूळ तिथेच आहे. चार्टवर पूर्ण लिहा: ‘ट्रॅगसपासून १० सेमी पाणी, उघडा’.

आता ही उंची मोजायची कुठून? कॅथेटरचं टोक असतं लॅटरल व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) पुढच्या भागात, फोरामेन ऑफ मोनरोच्या आसपास. बाहेरून त्याची खूण म्हणजे ट्रॅगस, कानाच्या छिद्रासमोरचा तो कूर्चेचा उंचवटा. पेशंट उताणा असेल, मग डोकं सपाट असो की ३० अंश वर, पॅनेलचा शून्य ट्रॅगसच्या रेषेत आणायचा. पेशंट पूर्ण कुशीवर असेल तर वरचा कान धरला की शून्य खूप वर जातो आणि खालचा धरला की खूप खाली. तेव्हा दोन भुवयांच्या मधली, नाकाच्या वरच्या टोकाची मध्यरेषा धरा. लेसर किंवा बुडबुड्याची लेव्हल वापरा. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून नजरेने ‘ठीक दिसतंय’ म्हणू नका, तिरक्या नजरेत दोन-तीन सेमी सहज हरवतात.

गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात, त्याच तत्त्वावर हे सगळं चालतं. नळीचं एक टोक मेंदूत आहे, एवढाच फरक. डोक्यातला दाब चेंबरच्या तोंडाच्या उंचीपेक्षा वर गेला की थेंब पडतो, खाली असला की पडत नाही. चेंबरमध्ये पाणी जिथे थेंबाथेंबाने पडतं त्या जागेची रेषा ऑर्डरच्या आकड्यावर हवी. चेंबरचा तळ किंवा त्यात साठलेल्या पाण्याची पातळी नव्हे.

आता गणित करा. स्टँड जमिनीवर आहे, ड्रेन १० सेमीवर उघडा आहे आणि कोणीतरी ड्रेसिंगसाठी पलंग १० सेमी वर घेतला. डोकं वर गेलं, चेंबर जागच्या जागी. म्हणजे तुमचा ड्रेन आता शून्यावर आहे आणि सीएसएफ अडवायला काही नाही. पॅनेल पलंगालाच अडकवलेलं असेल तर पूर्ण पलंग वर-खाली केल्याने बिघडत नाही, पण डोक्याकडची बाजू ३० वरून ४५ अंशांवर नेली तरी लेव्हल बदलते. म्हणून नियम सरळ आहे: डोकं हललं की लेव्हल पुन्हा. शिफ्टच्या सुरुवातीला, दर तासाच्या नोंदीला आणि प्रत्येक हालचालीनंतर. पलंगाचं रिमोट लॉक करा आणि पलंगावर ठळक पाटी लावा. फिजिओथेरपिस्ट, एक्स-रे टेक्निशियन, नातेवाईक, कोणीही प्रेमाने उशी सरकवू शकतं.

दुसरा प्रश्न. आयसीपी लिहायचा तो ड्रेन बंद असतानाचाच. ड्रेन उघडा असताना ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) डोक्याशी जोडलेला असतो तसाच चेंबरशीही, आणि चेंबर हवेला खुला आहे. त्यामुळे मॉनिटर चेंबरच्या उंचीच्या आसपासचाच आकडा दाखवत राहतो. तुमचा ७-८ म्हणजे १० सेमी पाणीच, मिमी पाऱ्यात मोजलेलं. तो आकडा तुम्ही स्वतः पॅनेलवर लावला आहे, पेशंटने दिलेला नाही. पाणी वाहून गेल्यामुळे दाब काही अंशी खरंच उतरलेला असतो, पण किती ते उघड्या ड्रेनवर कळत नाही. कॅथेटर अर्धवट अडकलं असेल किंवा सूज येऊन व्हेंट्रिकल मिटत आली असेल तर आत ३० असूनही मॉनिटरवर ८ दिसू शकतो, आणि हाय अलार्मही वाजणार नाही.

म्हणून स्टॉपकॉक असा फिरवा की पेशंट ते ट्रान्सड्यूसर मार्ग खुला राहील आणि चेंबरची बाजू बंद होईल. लगेच दिसलेला आकडा लिहू नका. आकडा स्थिर होऊन लहर स्पष्ट दिसेपर्यंत थांबा, साधारण १ ते ५ मिनिटं, युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे. त्या वेळात दाब ठरलेल्या मर्यादेवर, बहुतेक ठिकाणी २० ते २२ मिमी पाऱ्यावर, जाऊन टिकला तर ड्रेन उघडा आणि कळवा. स्टॉपकॉकची मूठ कुठल्या बाजूला ‘बंद’ दाखवते हे प्रत्येक कंपनीच्या सेटमध्ये एकसारखं नसतं. नवा सेट आला की आधी ते पाहून घ्या.

लहरीकडेही बघा. चांगल्या लहरीत तीन शिखरं (पी-१, पी-२, पी-३) दिसतात आणि पी-१ सगळ्यात उंच असतं. पी-२ त्याच्या वर गेलं की मेंदूची सामावून घेण्याची क्षमता संपत आली आहे, आकडा अजून १८ असला तरी. लहर चपटी झाली असेल तर ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा, रक्ताची गुठळी किंवा भिंतीला टेकलेलं टोक, यांपैकी काहीतरी आहे. चपट्या लहरीवरचा आकडा नोंदवण्यात अर्थ नाही.

आणि झिरो करणं व लेव्हल करणं ही दोन वेगळी कामं आहेत. लेव्हल म्हणजे उंची. झिरो म्हणजे ट्रान्सड्यूसर पेशंटकडून बंद करून हवेला उघडा करायचा आणि मॉनिटरला ‘हा शून्य’ असं शिकवायचं. केबल काढली-लावली, मॉनिटर बदलला, शिफ्ट बदलली की झिरो करा. सर्जिकल आयसीयूतून आला आहात म्हणून मुद्दाम सांगतो: आर्टरी लाइनची (धमनीतून बीपी मोजणाऱ्या नळीची) सवय इथे आणू नका. ईव्हीडीच्या ट्रान्सड्यूसरला प्रेशर बॅग नाही, हेपरिन नाही, फ्लश नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या निर्जंतुक सलाइनने तो एकदा भरायचा, बस्स.

रात्रपाळी

तिसरा प्रश्न माझ्याकडे. सीटीहून आल्यावर ड्रेन थांबतो याचं सगळ्यात सामान्य कारण ट्यूबमध्ये नसतं, चेंबरच्या डोक्यावर असतं. तिथे हवेचा एक छोटा फिल्टर आहे. चेंबर हवेला खुला राहतो तो त्याच्यामुळे. ट्रॉलीवर चेंबर आडवा ठेवला की आतलं पाणी फिल्टरला लागतं आणि तो भिजतो. भिजलेल्या फिल्टरमधून हवा जात नाही, चेंबर बूच लावलेल्या बाटलीसारखा होतो आणि थेंब पडायचे थांबतात.

ओळखायची खूण: चेंबरखालचा स्टॉपकॉक बॅगेकडे उघडा. आतलं पाणी झरकन बॅगेत उतरलं नाही, अडखळलं, तर फिल्टरवर संशय घ्या. त्याला सुईने भोक पाडू नका, टोपी काढून ठेवू नका. बंद सिस्टिम उघडली की जंतूंना वाट मिळाली. सेट बदलावा लागेल, आणि तो निर्जंतुक पद्धतीने, ज्याला तुमच्याकडे परवानगी आहे त्याने.

हे टाळण्यासाठी निघण्यापूर्वी चेंबर बॅगेत रिकामा करा, मिली नोंदवा, मग चेंबरखालचा स्टॉपकॉक बंद करा. पेशंटकडचा क्लॅम्प लावा. चेंबर उभाच धरा किंवा उभा अडकवा, पेशंटच्या पायांवर झोपवू नका. ज्याचा दाब आधीच काठावर आहे त्याला बंद ड्रेनवर नेता येईल का आणि किती वेळ, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. काहींच्या बाबतीत सीटीच्या टेबलावर पुन्हा लेव्हल करून ड्रेन उघडावा लागतो. परत आल्यावर लेव्हल, क्लॅम्प उघडा, थेंब पडताना डोळ्यांनी पाहा, मग पुढचं काम.

ड्रेन थांबला की मात्र सुरुवात ट्यूबपासून करू नका, पेशंटपासून करा. जीसीएस (शुद्धीचा गुणांक), डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, बीपी, श्वास. बीपी वाढतंय, नाडी मंदावतेय, श्वासाची लय बिघडतेय किंवा एक बाहुली मोठी झाली आहे, तर फिल्टर तपासत बसायची वेळ नाही. डोकं ३० अंश, मान सरळ, न्यूरोसर्जनला फोन.

पेशंट जसाच्या तसा असेल तर डोक्यापासून बॅगेपर्यंत एका दिशेने चला. ड्रेसिंग ओलं आहे का? ओलं असेल तर पाणी ट्यूबमधून न येता कॅथेटरच्या बाजूने येतंय. कॅथेटरवरची सेमीची खूण टाक्यापाशी कालच्याच जागी आहे का, की बाहेर सरकलं? ट्यूब उशीखाली, बेडरेलमध्ये, पेशंटच्या खांद्याखाली? प्रत्येक क्लॅम्प, प्रत्येक स्टॉपकॉक हाताने. ट्यूबमध्ये गुठळी किंवा कण दिसतात का? चेंबरची उंची कोणी वाढवली का? यातलं काही सापडलं नाही तर ट्यूबमधल्या पाण्याची कड नाडीबरोबर हलते का ते पाहा. हलत असेल तर मार्ग बहुधा खुला आहे आणि आतला दाबच चेंबरच्या उंचीपेक्षा कमी आहे.

शेवटची चाचणी: प्रोटोकॉल परवानगी देत असेल तर चेंबर काही सेकंद खाली घ्या. थेंब पडला की लगेच पूर्वीच्या उंचीवर. नाही पडला तर अडथळा आहे, कळवा. फ्लश करणं हे आपलं काम नाही. अडकलेल्या कॅथेटरमधून ढकललेली गुठळी कुठे जाईल आणि दाब किती वाढेल, दोन्हींचा भरवसा नसतो. न्यूरोसर्जन करतात तेव्हाही १-२ मिलीच वापरतात.

स्टराइल_फील्ड

चौथ्या प्रश्नावर इथेही एकमत होणार नाही, आधीच सांगते.

कूस बदलणं, पलंगाची उंची बदलणं, पेशंटला बसवणं, वाहतूक: या सगळ्यांत आधी क्लॅम्प, मग हालचाल, मग लेव्हल, मग उघडणं. यावर वाद नाही. लेव्हल बदलणारच असते, ड्रेन उघडा ठेवला तर एका हिसक्यात २०-३० मिली निघून जाऊ शकतात. मोठ्या माणसात एका वेळी फिरणारा सगळा सीएसएफच सुमारे १५० मिली असतो, आणि त्यातला व्हेंट्रिकलमध्ये जेमतेम २०-२५. म्हणजे त्या हिसक्यात काय झालं ते बघा.

सक्शनचं वेगळं आहे. खोकल्याने दाब क्षणभर उसळतो. ड्रेन उघडा असेल तर पाणी भसकन येतं, बंद असेल तर उसळलेल्या दाबाला वाट नाही. ज्याचा दाब नेहमी १०-१२ असतो त्याचा मी सक्शनपुरता बंद ठेवेन. ज्याचा दाब मुळातच २० च्या काठावर आहे त्याचा बंद करण्याआधी विचारेन. सक्शनची एक पास १० सेकंदांच्या आत ठेवा, आधी १०० टक्के ऑक्सिजन द्या, दोन पासच्या मध्ये आकडा उतरू द्या.

खरा धोका क्लॅम्प लावण्यात नाही, तो काढायला विसरण्यात आहे. क्लॅम्प लावला की मॉनिटरवर किंवा फोनवर टायमर लावा. ज्याने लावला त्यानेच काढायचा, ‘तू काढ हं’ असं सोपवून जायचं नाही. हँडओव्हरच्या वेळी दोघींनी मिळून ट्यूबवर बोट फिरवायचं, तोंडी नाही.

आता संसर्गाबद्दल, विचारलं नाहीस तरी. सेट ठरावीक दिवसांनी बदलायचा नाही. रोजचा सीएसएफ नमुना नेमाने पाठवायचा नाही. प्रत्येक वेळी पोर्ट उघडलं की त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस आत जायची संधी असते, आणि आयसीयूत ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएलासारखे ग्रॅम-निगेटिव्हही असतात. ताप, शुद्ध कमी होणं, पाणी गढूळ होणं, मान आखडणं यांपैकी काही असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं तर नमुना. टोपी, मास्क, निर्जंतुक ग्लोव्ह्ज. पोर्ट घासून पुसा आणि जंतुनाशक पूर्ण वाळू द्या. क्लोरहेक्झिडीन मज्जासंस्थेला विषारी आहे, ओलं असताना पोर्टमध्ये सुई-सिरिंज घालू नका. पेशंटच्या जवळच्या पोर्टमधूनच घ्या, बॅगेतलं पाणी तासन्‌तास पडून असतं. ओढायचा वेग मिनिटाला १ मिलीच्या आसपास. अडलं तर जोर लावू नका, आत टोक कोरॉइड प्लेक्ससला (सीएसएफ तयार करणाऱ्या जाळ्याला) किंवा भिंतीला चिकटलेलं असू शकतं.

रिपोर्टचं एक. रक्तमिश्रित सीएसएफमध्ये पांढऱ्या पेशी दिसल्या म्हणजे लगेच संसर्ग नाही. रक्ताबरोबरच साधारण ५०० ते ७०० लाल पेशींमागे १ पांढरी येते. या प्रमाणापेक्षा पांढऱ्या खूप जास्त असतील, किंवा प्रत्येक नमुन्यात प्रमाण वाढत असेल, तर काळजी. सीएसएफमधली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असते, म्हणून त्याच वेळची रक्तशर्करा लिहून पाठवा, नाहीतर आकड्याला काही अर्थ नाही.

ड्रेसिंग ओलं, मळकट किंवा सुटलेलं असेल तर बदला. कोरडं आणि चिकटलेलं असेल तर दर शिफ्टला नुसतं बघा. ट्यूबचा एक सैल वेटोळा डोक्यावर चिकटवून ठेवा, म्हणजे कोणी ओढलं तर ताण वेटोळ्यावर येईल, टाक्यावर नाही. आणि सगळ्या पोर्टवर ‘ईव्हीडी, औषध देऊ नका’ अशी चिठ्ठी. आयव्हीची सिरिंज ईव्हीडीच्या पोर्टलाही बसते, हे लक्षात असू द्या.

निशिगंध_एन

खूप आभार. फिल्टरचं कोणीच सांगितलं नव्हतं. अजून तीन शंका. सीपीपी (मेंदूला रक्त पोहोचवणारा दाब) काढताना एमएपी (सरासरी बीपी) कुठल्या लेव्हलचा धरायचा? ‘तासाला १० मिली काढा’ अशीही ऑर्डर येते, ती ‘१० सेमीवर उघडा’पेक्षा कशी वेगळी? आणि किती आलं तर जास्त, किती आलं तर कमी समजायचं?

मोनरो

सीपीपी म्हणजे एमएपी वजा आयसीपी, लक्ष्य बहुधा ६० ते ७०. आयसीपी ट्रॅगसला मोजतो आणि आर्टरी लाइनचा ट्रान्सड्यूसर छातीच्या लेव्हलला. डोकं ३० अंश वर असेल तर या दोन जागांत १३-१४ सेमी उंचीचा फरक सहज पडतो, म्हणजे सुमारे १० मिमी पारा. छातीच्या लेव्हलने काढलेला ६५ हा ट्रॅगसच्या लेव्हलने ५५ असू शकतो. तुमचं युनिट कुठली लेव्हल धरतं ते विचारा आणि सगळ्यांनी तीच धरा. सकाळच्या शिफ्टने छाती आणि रात्रीच्या शिफ्टने कान, असा प्रकार सगळ्यात वाईट.

‘१० सेमीवर उघडा’ ही दाबाची ऑर्डर आहे. किती मिली येईल ते पेशंट ठरवतो. ‘तासाला १० मिली’ ही आकारमानाची ऑर्डर: तेवढे येईपर्यंत उघडा, मग पुढच्या तासापर्यंत बंद. दुसरीत बंद असलेल्या वेळात आयसीपी सतत दिसतो, हा फायदा. पण बंद वेळात दाब किती चढला तर मुदतीआधी उघडायचं, हा आकडा ऑर्डरमध्ये नसेल तर ती ऑर्डर अर्धवट आहे. तिसरा प्रकार: एरवी बंद, आयसीपी २० च्या वर ५ मिनिटं टिकला तरच उघडा. तिन्ही प्रकार चालतात. कुठला चालू आहे हे बेडवरच्या कागदावर लिहिलेलं हवं.

किती म्हणजे जास्त: मोठ्या माणसात सीएसएफ तासाला सुमारे २० मिली, दिवसाला ५०० च्या आसपास तयार होतो. तासाला २० च्या वर जायला लागलं की लेव्हल तपासून कळवा. ऑर्डरमध्ये वेगळी मर्यादा असेल तर ती पाळा. कमी म्हणजे: दर तासाला येणारं पाणी अचानक शून्यावर येणं. पहिल्या कोरड्या तासालाच तपासा, दुसऱ्याची वाट बघू नका.

तुमच्या दोन प्रकारच्या पेशंटना जास्त निघून जाणं वेगवेगळ्या कारणांनी महागात पडतं. एसएएचमध्ये ॲन्युरिझम (रक्तवाहिनीचा फुटलेला फुगा) अजून बंद केलेला नसेल तर आयसीपी झपकन उतरला की ॲन्युरिझमच्या भिंतीवरचा आतून बाहेरचा ताण वाढतो आणि पुन्हा फुटू शकतो. म्हणून तेव्हा चेंबर मुद्दाम उंच, १५-२० सेमीवर ठेवलेला असतो. ‘पडत नाही म्हणून थोडा खाली घेतला’ असं तिथे करायचं नाही. सेरेबेलमच्या रक्तस्रावात खाली रक्ताचं गाठोडं बसलेलं असतं. वरचं पाणी जास्त काढलं की ते वर ढकललं जातं. शुद्ध हरपते, वर बघता येत नाही, बाहुल्या प्रतिसाद देईनाशा होतात. आणि कोणातही जास्त पाणी निघालं की मेंदू कवटीपासून सुटून त्यांना जोडणाऱ्या शिरा (ब्रिजिंग व्हेन्स) ताणतात, सबड्यूरल रक्तस्राव होतो. शुद्धीत असलेला पेशंट उठवल्यावर डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला आणि त्या तासात ३५ मिली आलेत, तर पेनकिलर आणायला जाण्याआधी क्लॅम्प लावा आणि फोन करा.

सोडियमही बघत राहा. सीएसएफमध्ये सोडियम जवळपास रक्ताइतकंच असतं, दिवसाला ३०० मिली जात असेल तर ते इनटेक-आउटपुटच्या हिशोबात धरायलाच हवं. एसएएचमध्ये लघवीतून सोडियम जाणं आधीच चालू असू शकतं.

रंग रोज त्याच उजेडात बघा. एसएएचमध्ये लालसर ते पिवळसर असा उतरता क्रम अपेक्षित आहे. पिवळसर झालेलं पाणी पुन्हा ताजं लाल झालं तर तो निरोप सकाळच्या राउंडपर्यंत ठेवायचा नाही.

बालआयसीयू

लहान मुलांचे पेशंट कधी आले तर थोडक्यात. रडणं म्हणजे दाब उसळणं, उघड्या ड्रेनवर रडणारं बाळ काही मिनिटांत बरंच पाणी घालवतं. आईने मांडीवर घेण्याआधी क्लॅम्प, बाळ शांत झाल्यावर लेव्हल करून उघडा. मोठ्यांचे मिलीचे आकडे इथे लावू नका, मर्यादा वजनाप्रमाणे ऑर्डरमध्ये हवी. गेलेलं पाणी अनेक ठिकाणी मिलीला मिली ०.९ टक्के सलाइनने भरून देतात. टाळू उघडी असेल तर तिच्यावर हात ठेवा. खोल गेली असेल तर जास्त निघतंय, फुगून ताणली असेल तर अडलंय, आणि हे मॉनिटरच्या आधी कळतं.

रात्रपाळी

तातडीच्या गोष्टी राहिल्या होत्या.

ट्यूब जोडातून सुटली: पेशंटच्या बाजूचं टोक ताबडतोब क्लॅम्प करा, क्लॅम्प हाताशी नसेल तर बोटांनी दुमडून दाबा. टोक निर्जंतुक गॉजमध्ये गुंडाळा. सुटलेला जोड पुन्हा लावायचा नाही, जमिनीला लागला नसला तरी. दुसऱ्याला हाक मारा, स्वतः टोक सोडून फोनकडे जाऊ नका.

कॅथेटरच ओढलं गेलं: पूर्ण बाहेर आलं असेल तर छिद्रावर निर्जंतुक गॉज दाबून धरा, कॅथेटर फेकू नका, टोक अखंड आहे का हे सर्जनला बघायचं असतं. अर्धवट बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, आहे तिथे धरा आणि क्लॅम्प करा.

चेंबर स्टँडवरून खाली घसरला: आधी क्लॅम्प, मग उचला. उलट क्रमाने केलं तर उचलेपर्यंत पाणी वाहतच राहतं. चेंबर आणि बॅगेत मिळून किती जमलंय ते मोजा, पेशंटचा जीसीएस घ्या, कळवा.

यातलं काहीही झालं तर वेळ मिनिटासकट लिहा, कारण पुढच्या सीटीत दिसलेल्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध लावायचा असतो.

निशिगंध_एन

शेवटचा प्रश्न. एका पेशंटचा ड्रेन उद्यापासून ‘वीन’ करायचा (हळूहळू बंद करून काढायचा) आहे. माझं लक्ष कशावर हवं?

स्टराइल_फील्ड

दोन पद्धती आहेत. एक, चेंबर रोज ५ सेमी वर नेत २० पर्यंत आणायचा, मग २४ तास बंद. दुसरी, थेट बंद करून बघायचं. कुठली ते सर्जन ठरवतील. दोन्हींत बंद असताना ट्रान्सड्यूसर पेशंटला उघडाच ठेवा, क्लॅम्प ट्रान्सड्यूसरच्या पलीकडे, चेंबरच्या बाजूला. पेशंटकडचाच क्लॅम्प लावला तर आयसीपी दिसणारच नाही आणि चाचणी आंधळी होईल. हे फार वेळा घडतं.

बघायचं ते: आयसीपी २० च्या वर जाऊन टिकतो का, डोकेदुखी, उलटी, आणि सगळ्यात लवकरची खूण म्हणजे नेहमीपेक्षा जास्त झोपाळूपणा. कालपर्यंत नाव लगेच सांगणारा आज दोनदा विचारल्यावर सांगतो, तर जीसीएसचा आकडा तोच असला तरी लिहा आणि कळवा. ड्रेसिंग दर दोन तासांनी बघा. आयसीपी १४ वर छान आणि ड्रेसिंग ओलं, याचा अर्थ पाणी बाजूने वाट काढतंय, चाचणी नापास. वीन करताना ठरलेली मर्यादा ओलांडली तर ड्रेन कुठल्या उंचीवर उघडायचा, ही ऑर्डर आजच मागून घ्या. नाहीतर रात्री दोन वाजता ती शोधत बसावी लागते.

ड्रेन काढण्याआधी रक्त पातळ करणारं इंजेक्शन शेवटचं कधी दिलं ते सांगा. काढल्यावर टाका घेतला आहे का, टोक अखंड आहे का ते नोंदवा. पुढचे २४ ते ४८ तास टाक्याच्या जागेवर आणि उशीवर नजर ठेवा. उशीवर स्वच्छ पाण्याचा डाग, किंवा मधे लालसर ठिपका आणि भोवती फिकट कडं दिसलं तर गॉजवर गॉज चढवू नका. निर्जंतुक गॉज दाबून धरा आणि टाक्याचं साहित्य मागवा.